आठ नंबरच्या खोलीचा अंदाज

श्रीमंत गोमारेच्या लातूरच्या घरात खुंटी नाही. दारामागे नाही, न्हाणीत नाही, स्वयंपाकघरातही नाही. घर बांधताना सुताराने सवयीने दोन ठोकल्या होत्या, त्या श्रीमंतने स्वतः पकडीने उपटल्या आणि भोकं बुजवून टाकली. शर्ट खुर्चीच्या पाठीवर, पिशवी खिडकीच्या गजाला, छत्री कोपऱ्यात उभी. त्याची बायको चांगुणा आल्यागेल्याला सांगते, "आमच्या माणसाचं सगळं चांगलं हाय, फकस्त खुंटीशी वैर हाय." आलेले हसतात, श्रीमंतही हसतो आणि लगेच दुसरा विषय काढतो.

माणूस चौसष्ट वर्षांचा, मूळचा लातूरजवळच्या मुरुडचा. घरची जमीन भाऊ कसतो. हा तरणाताठा असताना आयटीआय करून देवखाडीच्या अणुवीज केंद्रात फिटर म्हणून चिकटला आणि रिटायर होऊनच परतला. देवखाडी लांब, समुद्राच्या काठी. तिथून येताना त्याने तीन गोष्टी आणल्या: बरी पेन्शन, हात कोपरापर्यंत धुण्याची सवय आणि बोलायला एक विषय. हा विषय गल्लीला पाठ झाला होता, तरी त्याचं समाधान होत नसे. विषय दोन पैशांचा.

"अणुभट्टी म्हणजे गिरणी न्हाई, पट्टा काढला की बंद," असं तो सुरू करायचा. "ती बंद झाली तरी वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. मग कापायची, गुंडाळायची, पुरायची, पुरल्यावर बी राखण करायची. ह्याला पैसा कुठून येतो? तर तिनं विकलेल्या युनिटमागं दोन पैसे बाजूला. चालती असतानाच, तिच्या मरणासाठी."

समोर बहुधा फारूक असायचा. खालचं शटर त्याने भाड्याने घेतलंय, तिथे त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता फारूक म्हणायचा, "म्हंजे काका, आमच्याच खिशातनं."

"हाव, तुझ्याच. पण तवाच्या तवा घेतले. मागनं पोराबाळांच्या नावानं बिल फाडलं न्हाई." हे सांगताना श्रीमंतची छाती अशी फुगायची, जणू ते दोन पैसे हाच गोळा करून पेटीत टाकत होता.

तर देवखाडीचं पहिलं युनिट दोन वर्षांपूर्वी खरोखरच बंद झालं. श्रीमंतने आपल्या हयातीचा मोठा भाग ज्याच्या पोटात घालवला, ते आता म्हातारं होऊन गप पडलं. त्याला उकलायची तयारी सुरू झाली. ठेकेदार आले. त्यातल्या एकाकडे श्रीमंतच्याच शब्दाखातर त्याचा जावई बालाजी फिटर म्हणून लागला. लेक तनुजा लातुरातच नर्स आहे, म्हणून ती आईबापाकडे राहते आणि बालाजी दीड-दोन महिन्यांनी येऊन जातो. सगळं सुरळीत होतं. मग एका शुक्रवारी सकाळी फोन आला.

"गोमारे काका का? मी वीरेश. देवखाडीहून बोलतोय, युनिट एक बंद करायच्या खर्चाचा अंदाज आमच्याकडे आहे."

आवाज तरुण, अदबीचा. श्रीमंत खुर्चीत सावरून बसला. रिटायर झालेल्या माणसाला ऑफिसातून फोन येणं म्हणजे केवढी गोष्ट.

वीरेशने समजावून सांगितलं. युनिटमध्ये एकशे बारा खोल्या आहेत आणि प्रत्येकीचा खर्च वेगळा धरायचाय. खोली थंड असली तर चार माणसं, हातातलं कटर, चार दिवस. गरम असली तर शिशाच्या भिंती, लांबून चालवायची यंत्रं, एक माणूस दहा मिनिटं आत गेला की बाहेर, मग दुसरा. गरम म्हणजे हाताला चटका देणारी नव्हे; जिथे किरणं जास्त ती गरम, ही तिथल्या कामगारांची जुनी बोली. श्रीमंतला हे सांगायची गरज नव्हती, पण त्याने ऐकून घेतलं.

"आता आठ नंबर, काका. दारापुढे भिंत घालून चिणून टाकलीय. उघडून मोजायची तर तोच मोठा खर्च. म्हणून जुन्या नोंदी धरतोय. नव्व्याण्णव सालच्या शटडाउनमध्ये शेवटचं काम तुम्ही केलंत. तीन तास आत आणि तुमचा डोज आलाय नव्वद मिलिरेम. म्हणजे थंडगारच. अकरा लाखांत बसते ती."

श्रीमंतने फोन या कानावरून त्या कानाला घेतला.

"फंडातला पैसा मोजकाच आहे हो. अशा थंड खोल्या निघाल्या की जीव भांड्यात पडतो. फक्त खात्री म्हणून विचारतो, नव्वद बरोबर ना?"

"लई वर्षं झाली," श्रीमंत म्हणाला. "आठवावं लागंल."

"आठवा ना. काही घाई नाही. सोमवारी अकराला अंदाज वर जातो, तोवर कळवा."

फोन ठेवल्यावर श्रीमंत उठला, गच्चीवर गेला, टाकीचं झाकण उघडून पाणी पाहिलं, झाकण लावलं आणि खाली आला. मग परत गेला. कोथिंबीर आणायला म्हणून बाहेर पडला तो गंजगोलाईला एक चक्कर मारून रिकाम्या हाताने परत. चांगुणाने विचारलं, "कोथमीर?" तर म्हणाला, "कशाची?" जेवताना दोनदा पाणी सांडलं. जीव टांगणीला लागणं म्हणतात ते हेच, फक्त टांगायला घरात खुंटी नव्हती.

कारण नव्वद हा आकडा श्रीमंतचा नव्हताच. तो खुंटीचा होता.

ते असं. देवखाडीत आत जाताना प्रत्येकाच्या छातीवर एक बॅज असे. अंगाने किती किरणं झेलली ते बॅज सांगे, त्याला डोज म्हणत आणि तो मिलिरेममध्ये मोजत. वर्षाचा कोटा ठरलेला. कोटा भरला की माणूस बाहेर. मग त्याला ऑफिसातले कागद इकडून तिकडे न्यायचं काम, ओव्हरटाइम बंद. आणि खरी कमाई तर शटडाउनची, म्हणजे दुरुस्तीसाठी भट्टी थांबवत त्या महिन्या-दीड महिन्यातली, रोजच्या डबल पाळीची. म्हणून कामगारांनी आपली एक रीत पाडली होती. जड खोलीत जायचं तर बॅज दाराबाहेर खुंटीला अडकवायचा आणि आत जायचं. शरीर आत भाजून निघायचं, बॅज बाहेर वारा खात बसायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबांनाही बहुधा असावं, पण सगळ्यांचाच कानाडोळा.

नव्व्याण्णवमध्ये श्रीमंतने मुरुडच्या घरावर स्लॅब टाकायला काढला होता. कोटा भरून चालणार नव्हतं. आठ नंबरच्या दाराशी त्याने बॅज खुंटीला लावला आणि आत जाऊन तीन तास पंपाच्या मागच्या बाजूला उकिडवा बसून नट सोडवले. तिथल्या पाइपच्या वाकात वर्षांचा गाळ साचला होता आणि जे काय गरम होतं ते त्या गाळात होतं. मीटरवाला किरणं मोजायला आला तो दारातूनच मोजून गेला. पुढे तो पंपच वापरातून काढला आणि खोली चिणली. वाकातला गाळ आत तसाच.

आणि आता एक शहाणा पोरगा देवखाडीत बसून खुंटीच्या डोजावर खोलीचा खर्च मांडत होता.

संध्याकाळी बालाजीचा फोन आला, रोजच्यासारखा. तनुजाशी बोलून झाल्यावर त्याने सासऱ्याला मागून घेतलं.

"मामा, एक खुशखबर हाय. आठ नंबरची खोली आमच्या ठेकेदाराकडं येणार म्हणायलेत. थंड हाय, चार दिवसांचं काम. चार माणसं पाहिजेत. मुरुडातल्या दोघातिघांस्नी बोलवून घेऊ का? मजुरी बरी हाय."

श्रीमंतने विचारलं, "तू बॅज छातीला लावतोस न्हवं?"

पलीकडे बालाजी हसला. "लावतो की. कवातरी भरत आला की ठेवतो बाहेर. सगळेच ठेवतेत मामा. तुमाला तर म्हाईतच हाय."

म्हाईतच होतं. श्रीमंतने फोन तनुजाच्या हातात दिला आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. बसला काय, उठला, परत बसला.

शनिवारी सकाळी सहालाच तो फारूकच्या शटरसमोर येरझाऱ्या घालत होता. फारूकने येऊन कुलूप काढलं आणि टेबलावरची एक जळकी पाणबुडी मोटर उघडायला घेतली. चाकूरकडच्या कुणा शेतकऱ्याची होती. फारूक वैतागला होता.

"बघा काका. ह्यानं सांगितलं, दोनच तास चालवली. म्या त्या हिशोबानं भाव सांगून बसलो. आता उघडली तर आतमदी सगळा कोळसा. बेरिंगपण गेली. रातभर कोरडी चालवली असंल. मला पयलंच खरं सांगितलं असतं तर मी तसा अंदाज दिला असता. आता वरचा पैसा कोन भरनार? मीच." मग तो नेहमीच्या सवयीने म्हणाला, "तुमच्या त्या दोन पैशांचं काय चाललंय? काम सुरू झालं म्हंता न?"

श्रीमंत वळला आणि जिना चढून वर गेला. फारूक त्याच्या पाठीकडे बघतच राहिला. दोन पैशांचा विषय निघावा आणि काकांनी पाठ फिरवावी, असं आजवर झालं नव्हतं.

वर चांगुणा भाकरी थापत होती. श्रीमंत तिच्यासमोर पाटावर बसला आणि लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा त्याने तिला खुंटीचं सांगितलं. नव्वदचं सांगितलं. अकरा लाखांचं सांगितलं. "जे कागदावर न्हाई त्याला फंडातनं पैसा न्हाई," तो म्हणाला. "आन पैसा न्हाई म्हंजे शिशाच्या भिंती न्हाईत, यंत्र न्हाई. हातातलं कटर घिऊन माणसं घालतेत आत."

चांगुणाने भाकरी तव्यावर टाकली. "मग त्या पोराला फोन लावून सांगा की."

"सांगितलं तर खोटी नोंद केली म्हून माझ्यावर कागद काढतील. पेन्शनला हात लावतील. बालाजीची नोकरी माझ्या शब्दावर हाय."

"बालाजी त्या खोलीत जाणार का न्हाई?"

"जाणार."

"मग इथं बसून काय करायलाव?"

तिचं बरोबर होतं. पण तिला त्याने सगळं सांगितलं नव्हतं. वीरेशला फोन लावायला त्याचा हात दोनदा गेला आणि दोनदा मागे आला, त्याला पेन्शन हे एकच कारण नव्हतं. 'तो आकडा खोटा' म्हटलं की पुढचा सवाल ठरलेला होता: मग खरा कोणता? आणि खरा आकडा ज्याच्यापाशी होता तो माणूस मुखेडला राहत होता. तीन-साडेतीन तासांची एसटी. सव्वीस वर्षांत श्रीमंत तिकडे फिरकला नव्हता.

संगप्पा त्याचं नाव. मुखेडचाच, श्रीमंतबरोबरच लागलेला, त्याच बॅचचा, त्याच खोलीत राहिलेला. डब्यातलं लोणचं अर्धं अर्धं करून खाल्लेलं. त्या दिवशी आठ नंबरच्या दाराशी दोघं उभे होते. श्रीमंतने स्वतःचा बॅज खुंटीला लावला आणि हात पुढे केला, "दे तुझा." संगप्पा म्हणाला, "न्हाई बाबा. माझ्या अंगाला काय लागलं ते मला कळाया पाहिजे." तो छातीला बॅज लावून आत गेला. दोघं गुडघ्याला गुडघा लावून तीन तास बसले.

महिन्याने आकडे आले. श्रीमंतचा नव्वद. संगप्पाचा एवढा मोठा की ऑफिसात धावपळ झाली. एकाच खोलीत, एकाच वेळी, शेजारी बसलेली दोन माणसं, आणि डोजात हा फरक? साहेबांनी अर्थ लावला की संगप्पाने बॅज मुद्दाम गरम पाइपावर ठेवला, डोज भरून घेतला आणि आता बाहेरचं सोपं काम मागतोय. चौकशी बसली. श्रीमंतला बोलावलं. तो म्हणाला, "मी त्याच्या शेजारीच होतो. माझा नव्वदच आला." ह्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि त्यावर त्याने सही केली. खुंटीचं नाव त्याने काढलं नाही, कारण तो बोलला असता तर त्याची स्वतःची नोकरी गेली असती. संगप्पाचा आकडा रद्द झाला. तीन वाढी रोखल्या. वर्षाच्या आत संगप्पा नोकरी सोडून मुखेडला गेला. त्याचा आकडा किती होता ते चौकशीत वाचून दाखवलं होतं, पण श्रीमंतला आठवत नव्हता. विसरायला त्याने फार मेहनत घेतली होती.

दहाच्या एसटीत त्याने तीन वेळा जागा बदलली. पिशवी मांडीवर घेतली, मग पायाशी ठेवली, मग परत मांडीवर. सोयाबीन हिरवंगार होतं, फवारणीचे दिवस होते, पाठीवर पंप घेतलेली माणसं रानारानात दिसत होती. श्रीमंतला काही दिसत नव्हतं. तो संगप्पाशी बोलायची वाक्यं जुळवत होता आणि प्रत्येक वाक्य 'पण' वर येऊन अडकत होतं. शिरूर ताजबंदला गाडी बदलायला तो उतरला तर समोर लातूरला परत जाणारी गाडी लागलेली. खिडकीची जागा रिकामी. त्याने दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला.

"लातूर का?" कंडक्टरने विचारलं.

"न्हाई," श्रीमंत म्हणाला आणि पाय खाली घेतला. कंडक्टर पुटपुटला, मग कशाला चढायलाव.

मुखेडच्या स्टँडवर कुणालाही विचारावं, फवारणी पंपाचा संगप्पा कुठं, तर बोटाने दाखवतात. पत्र्याचं दुकान, दारात पिवळ्या-निळ्या पंपांची रांग. आत कपाळाला विभूती लावलेला, हडकुळा, जाड चष्म्याचा माणूस नोझल फुंकत होता. त्याच्या मागच्या भिंतीवर ओळीने खुंट्या होत्या, वीस-पंचवीस तरी, आणि प्रत्येकीला पाना, पाइप, वायसर, काही ना काही अडकवलेलं.

संगप्पाने चष्म्यावरून पाहिलं. ओळखलं. हातातलं काम थांबवलं नाही.

"बस," म्हणाला.

श्रीमंत स्टुलावर बसला. तीन गिऱ्हाइकं होती. संगप्पाने एकेकाचा पंप हाताने मारून दाखवला, गळती पुसली, पैसे घेतले, चौथा आला त्याचंही केलं. समोर चहाची टपरी होती. घरी वैरी आला तरी आमच्या भागात आधी चहा सांगतात. संगप्पाने सांगितला नाही. अर्धा तास गेला. श्रीमंत स्टुलावर चुळबुळत होता.

गिऱ्हाईक संपल्यावर संगप्पाने बादलीत हात धुतले. कोपरापर्यंत धुतले. श्रीमंतने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"मरायला टेकलास का?" संगप्पाने विचारलं. "माणसं तवाच येतेत असं."

"न्हाई. चांगला हाय मी."

"मग?"

श्रीमंतने जुळवलेली वाक्यं गाडीतच सांडली होती. त्याने सरळ सांगितलं. युनिट बंद झालं, खोली खोली मोजून खर्च धरायलेत, आठ नंबर थंड धरली, माझ्या नव्वदवर धरली, सोमवारी कागद वर जाणार आणि माझा जावई त्या खोलीत जाणार.

"जावई जाणार म्हून आलास," संगप्पा म्हणाला.

श्रीमंतला खोटं बोलता आलं असतं. "हाव," तो म्हणाला. "त्याच्यामुळंच आलो."

संगप्पाने पंच्याने हात पुसले, एकेक बोट. "चौकशीत तू काय म्हणलास तवा? परत म्हण."

"संगप्पा..."

"म्हण की. हितं साहेब न्हाईत."

"मी त्याच्या शेजारीच होतो. माझा नव्वदच आला."

"आन बॅज?"

"खुंटीला होता."

"तवा का न्हाई म्हणलास?"

"भेलो. स्लॅब अर्धा व्हता."

संगप्पा खाटेवर बसला.  मग सावकाश म्हणाला, "माझा बाप मरंस्तोवर मला कामचोर म्हणाला. सरकारी नोकरी लागलेली, पोरगं कामाला भिऊन पळून आलं म्हून. गावात कुणाला काय सांगणार, बॅज काय आन मिलिरेम काय? मी सांगायचो, बाबा मी खोटा न्हाई. तर म्हणायचा, मग शेजारी बसलेल्याचं कसं बराबर आलं?" तो थांबला. "मला जवाब सुचायचा न्हाई. म्हाईत असून सुचायचा न्हाई. तुझं नाव घेतलं असतं तर तू बी गेला असतास."

श्रीमंतला रडू आलं. चौसष्टाव्या वर्षी, भर बाजाररस्त्यावर, पत्र्याच्या दुकानात. त्याने ते लपवलं नाही. संगप्पाने त्याची समजूतही काढली नाही.

"फोन लाव," तो म्हणाला. "माझ्यासमोर लाव. मोठ्यानं ऐकू येईल असा."

शनिवार असूनही वीरेशने उचलला. श्रीमंतने नाव सांगितलं आणि एका दमात बोलून टाकलं. नव्वद खोटा आहे, बॅज दाराबाहेर होता, पंपाच्या मागच्या वाकात गाळ आहे, तो तसाच आत आहे. पलीकडे मागे कुठेतरी लहान मूल हसत होतं, म्हणजे बिचारा सुट्टीच्या दिवशी घरी असावा.

"काका, हे लेखी द्यावं लागेल तुम्हाला. त्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"देतो."

"मग खरा आकडा कोणता?"

श्रीमंतने संगप्पाकडे पाहिलं. संगप्पाने नोझल उचललं, उजेडात धरून त्याच्या भोकातून आरपार पाहिलं आणि कुणाला तरी पत्ता सांगावा तसा म्हणाला, "अठराशे चाळीस."

"कोण बोलतंय? परत सांगा."

संगप्पाने नोझलनेच श्रीमंतकडे खूण केली. तू सांग.

"अठराशे चाळीस," श्रीमंत म्हणाला. "संगप्पा फिटरचा डोज. तुमच्याकडं रद्द म्हून लाल रेघ मारलेला असंल. तो खरा हाय. त्यानं बॅज छातीला लावला व्हता. म्या बघितलंय. हे बी लिहून देतो."

वीरेश काहीतरी आकडेमोड करत असावा. "मग अकरा लाखांत नाही बसत ही, काका. दीड-पावणेदोन कोटींपर्यंत जाईल. वरून विचारतील, सव्वीस वर्षांनी खोली अचानक कशी तापली म्हणून."

"सांगा त्यास्नी, तवाच तापलेली व्हती. आन पैसे मागा फंडातनं. युनिटमागं दोन पैसे कशाला घेतलेत लोकांचे?" श्रीमंतचा आवाज बऱ्याच वेळाने नेहमीसारखा चढला. "आन तवर त्या भिंतीला कुणी हात लावायचा न्हाई."

"नाही लावणार. मी आजच कळवतो," वीरेश म्हणाला. श्रीमंतचं बोट फोन बंद करायला पुढे गेलं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, जरा बिचकत.

"काका, एक विचारू? युनिट एकमधल्या बावीस खोल्यांचा अंदाज तुमच्या डोजावर धरलाय. अजून किती ठिकाणी बॅज बाहेर होता?"

 संगप्पा त्याच्याकडे बघत होता. श्रीमंत बोटांवर मोजू लागला, एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हातात फोन होता.

"आठवून सांगतो," अखेर श्रीमंत म्हणाला. "सोमवारच्या आत. सगळ्या सांगतो."

फोन बंद झाला. संगप्पाने गल्ल्यातून एक पावतीपुस्तक काढलं, न भरलेलं पान फाडलं, कानामागची पेन्सिल काढली आणि दोन्ही श्रीमंतपुढे ठेवलं. मग दारात जाऊन समोरच्या टपरीवाल्याला हाक मारली.

"दोन चहा पाठीव रे. ह्यांना लई वेळ लागणार हाय."

श्रीमंतने वर आठ लिहिलं, त्याखाली चौदा. थोडं थांबून सतरा. मग त्याने पान उलटं केलं, कारण मागची बाजू कोरी होती आणि तिथे जागा जास्त होती.